सासूबाई कोणाकडे

घराचं ठरलं, चष्म्याचं दुकान नवऱ्याकडे हेही ठरलं, आमच्या मुलीने कुठल्या वारी कोणाकडे राहायचं तेही ठरलं. एवढं सगळं दोन बैठकांत आटोपलं, आणि पुढच्या तीन बैठका आम्ही माझ्या सासूबाईंवरून हुज्जत घालत बसलो.

कोर्टाची पायरी चढायची नाही, चौघांनी एका टेबलाशी बसून घटस्फोट मार्गी लावायचा, असं आम्ही लिहून दिलं होतं. चौघं म्हणजे मी, नवरा आणि दोघांचे वकील. कोणीही कोर्टात गेलं तर दोन्ही वकिलांनी काम सोडायचं आणि आम्ही नव्या वकिलांपुढे पहिल्यापासून रडगाणं गायचं, ही त्यातली अट. तरी नवरा दर अर्ध्या तासाने "मग जाऊ या कोर्टातच" म्हणायचा, आणि त्याचा वकील बिचारा कपाळ चोळायचा.

"आई माझी आहे," नवरा पाचव्या बैठकीतही तेच म्हणाला.

"असू दे. त्यांच्या कुठल्या डोळ्यात औषध घालायचं असतं, सांग."

"दोन्ही."

"डाव्या! फक्त डाव्या! आणि हा म्हणे चष्मे विकतो!"

माझ्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "आईंना कोणी विचारलंय का?"

मुलीला खोली कुठली हवी ते विचारलं होतं, मांजराचासुद्धा विचार झाला होता. सासूबाईंना विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या बैठकीला त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून. मी निर्धास्त होते. नव्या घरात त्यांची खाट खिडकीशी लावली होती, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यानंतर आई म्हणून हाक मारली ती यांनाच. नवऱ्याशिवाय माझं छान चाललं असतं, त्यांच्याशिवाय नाही.

"मी ह्याच्याकडे राहीन," त्या म्हणाल्या.

"आई! त्याला तुमचं औषधसुद्धा माहीत नाही!"

"तू असताना त्याला कशाला माहीत होईल? बारा वर्षं सगळं तूच केलंस. आता थोडं लेकाच्या हातून करून घेऊ दे मला."

"आणि मी?"

"तू ये की. पण आल्या आल्या औषधांचा डबा उघडलास तर दारातूनच परत पाठवीन. माझ्याजवळ नुसती बसली आहेस का गं कधी?"

मी आठवून पाहिलं. एकदाही नाही. इतका संताप आला, त्यांचा, नवऱ्याचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. नवऱ्याचं तोंड तर जिंकूनही एवढंसं झालं होतं.

"असंच लिहू?" त्याच्या वकिलाने हळूच विचारलं.

"लिहा!" मी खेकसले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून रडायला लागले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पाणी नवऱ्याने आणून दिलं.

शनिवारी त्यांच्याकडे जायचंय. नुसतं बसायचं म्हणजे नेमकं करायचं काय, ते मला अजून कळलेलं नाही.