तीन घरांची बंदूक

मधलीने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं लाकूड काढलं आणि तपासनिसाच्या टेबलावर ठेवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"याला हिरवा रंग कसा लागला?"

"खिडकी रंगवली," मधली म्हणाली. "एरवी हे खिडकीलाच अडकण म्हणून असतं. नाहीतर वाऱ्याने आपटते."

शस्त्राचा असा उपयोग नियमात बसतो की नाही हे तपासनिसाला आठवेना, तेव्हा त्याने विषय सोडून दिला. थोरल्याने स्वच्छ फडक्यातून दस्ता काढला, धाकट्याने छत्रीच्या खोळीतून नळी काढली. मग दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले आणि मधली बहीण नावाप्रमाणे मध्ये.

वडील गेले तेव्हा बाकीची वाटणी मुकाट्याने झाली. अडलं ते बंदुकीपाशी. ती कुणालाच नको होती, आणि दुसऱ्याला मिळालेली कुणालाच चालणार नव्हती. शब्दाने शब्द वाढला. अखेर मामाने तिचे तीन भाग केले. घोडा आणि चाप असलेला दस्ता थोरल्याला, नळी धाकट्याला, आणि नळीखाली हाताने धरायचं लाकूड मधलीला. एक तीळ सात जणांत वाटून खावा, असं आई म्हणायची. बंदुकीबद्दल ती काही बोलली नव्हती. मामा न्याय केल्याच्या समाधानात जेवून गेला आणि त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं. पण परवाना तिघांत एक होता, आणि तिन्ही भागांवरचा क्रमांक जुळल्याशिवाय त्यावर शिक्का मिळत नसे. म्हणून वर्षातून एकदा तिघं या बाकावर येत.

"क्रमांक वाचा."

"चार एक सात शून्य नऊ," थोरला म्हणाला.

"चार एक सात शून्य नऊ," मधली म्हणाली.

धाकट्याने नळीवरचा आकडा पाहिलाही नाही. "चार एक सात शून्य नऊ. हजर!"

तपासनिसाने मान वर केली. मधलीने खाली घातली, कारण तिला हसू आलं होतं.

वडील पायरीवर बसून बंदूक साफ करत तेव्हा एकेक भाग मुलांच्या हाती देत. थोरल्याला स्क्रू पिळल्याशिवाय चैन पडत नसे म्हणून दस्ता, धाकट्याला चंद्र बघायचा असे म्हणून नळी, आणि मधलीला उरलेलं. मग शाळेत मास्तर हजेरी घेतात तसा ते क्रमांक पुकारत आणि ज्याने त्याने "हजर" म्हणायचं. शेवटचा नऊ तिन्ही भागांवर थोडा कलंडलेला होता.

"ठोकणाऱ्याला नेमकी शिंक आली असणार," वडील सांगत.

"तीनदा?" थोरला विचारी.

"सर्दी असेल."

त्या बंदुकीने कधी काही मेलं नाही. वडील पाखरं उडवायला आभाळात बार काढत, आणि धूर विरायच्या आत पाखरं परत येत. त्यांनाही सवय झाली होती.

"यंदाचा नवा नियम पत्राने कळवलाच आहे," तपासनीस म्हणाला आणि तरीही सांगू लागला. "एक बार काढायचा. घोडा पडला की आतली पिन काडतुसाच्या बुडाला टोचते. तो ठसा प्रत्येक बंदुकीचा निराळा. उद्या कुठे रिकामं काडतूस सापडलं, तर कुठल्या बंदुकीचं ते कळतं."

"या बंदुकीला गुन्हा करायचा तर आधी नातेवाईक गोळा करावे लागतील," धाकटा मधलीला म्हणाला.

"त्याला सांग, इथे चेष्टा नको," थोरला मधलीला म्हणाला.

"ऐकलं त्याने."

"आणि एकदा ठसा नोंदवला, की दरवर्षी यायला नको," तपासनीस म्हणाला. "सुटलात तुम्ही."

मधलीने टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. लाकूड घरी विसरायचं असं तिने पत्र आल्या दिवशीच ठरवलं होतं. पण सकाळी निघायच्या गडबडीत ते विसरायचंच विसरली.

मागच्या फरसबंद अंगणात वाळूच्या पोत्यांची भिंत होती. तपासनिसाने तिन्ही भाग जोडले. खट्. पायरीवरचाच तो आवाज. दोन्ही भावांनी एकाच वेळी कानांत बोटं घातली, कोपरं वर करून, वडिलांनी शिकवली तशी. तपासनिसाने काडतूस भरलं, वाळूवर नेम धरला आणि चाप ओढला.

टक्.

पुन्हा ओढला. टक्. थोडा वेळ थांबून त्याने बंदूक उघडली. काडतुसाच्या बुडावर ओरखडाही नव्हता. त्याने दस्ता उजेडाकडे धरून आत पाहिलं.

"पिन कुठाय?"

थोरल्याने चष्मा काढून पुसला. "साफ करायला काढली होती. घरी राहिली वाटतं."

मधली त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाने जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती, आणि त्याच्या टेबलावर कधी एक स्क्रू उरला नव्हता.

"दुसरी बसवून भागत नाही," तपासनीस कुरकुरला. "ठसा हिच्याच पिनचा हवा. आता पुढच्या वर्षी आणा."

"पुढच्या वर्षी नक्की," थोरला म्हणाला आणि घाम पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर काहीतरी बारीक, चकचकीत फरशीवर पडलं आणि घरंगळत धाकट्याकडे गेलं.

तपासनीस वळला. "काय पडलं?"

धाकट्याचा बूट त्यावर होता. "कुठे काय?"

तपासनिसाने भाग सुटे करून ज्याचे त्याला दिले. मधलीने लाकूड गुंडाळलं, थोरल्याने दस्ता. धाकटा नळी खांद्याला लावून तिथेच उभा.

"चला, मला कुलूप लावायचंय."

"पायाला मुंग्या आल्यात," धाकटा म्हणाला.

तपासनिसाने थोरल्याकडे पाहिलं.

"येतात त्याच्या पायाला," थोरला म्हणाला. "लहानपणापासूनचं आहे." मग घसा खाकरून म्हणाला, "थांब तू जरा. घाई नाही आपल्याला."

निरोप पोचवायला मधलीने सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.