फरशी वाळेपर्यंत

अवधूतचं लग्न ठरणार की मोडणार, हे वारज्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका मोटरहोमवर अवलंबून होतं, आणि ते मोटरहोम सध्या ओलं होतं.

गाडी वैष्णवीच्या वडिलांची. महिपतरावांच्या हिंजवडीतल्या पाच एकरांवर आता काचेची इमारत उभी आहे. त्यानंतर त्यांनी चाकांवरचं घर घेतलं. ओटा, बेसिन, पलंग, संडास, सगळं आत. हलतं घर कुणी बिल्डर मागायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पोरगी अवधूतच्या घरी द्यावी की नाही, याचा महिनाभर विचार करून कंटाळल्यावर त्यांनी किल्लीच त्याच्या हातात ठेवली. "आईबापाला चार दिस कोकण दाखव. रविवारी सा वाजता गाडी दारात पायजे. नेली तशी. मग बघू तुझं."

कोकण नीट पार पडलं. रविवारी दुपारी गाडी वारज्यात आली ती वाळू, आंब्याच्या कोयी आणि एक अनोळखी चप्पल घेऊन. अवधूतच्या आईनं, कौशल्याबाईंनी, पदर खोचला. आधी झटकलं, मग झाडलं, मग घासलं, आणि मग "आता जरा व्यवस्थित करू" म्हणून सुरुवात केली.

सव्वाचारला अवधूत किल्ली घेऊन खाली आला, तेव्हा आई दारात पोछा पिळत होती.

"आई, निघायला हवं."

"नीघ की. कोण अडवतंय? फक्त आत पाय ठेवू नकोस. आत्ताच पुसलंय."

"मग चालवू कशी?"

"ते मला काय माहीत? मला गाडी येते का?"

मागच्या पलंगाची खिडकी सरकली आणि अवधूतचे वडील, रंगनाथराव, पेपरासह दिसले. पुसताना "पाय वर घ्या" असं सांगण्यात आलं होतं, ते त्यांनी घेतले होते. त्याला आता दोन तास झाले होते.

"मी उतरू का?"

"अहो, बसा तिथंच!"

या घरात ओल्या फरशीपुढे कुणाचं चालत नसे. एकदा स्वयंपाकघरात पडदा पेटला होता, तेव्हाही रंगनाथराव पाण्याची बादली घेऊन दारात उभे राहिले होते आणि "वाळली का?" असं विचारत होते.

शेवटी अवधूतनं ड्रायव्हरच्या खिडकीतून आत जायचं ठरवलं. प्रश्न राहिला पेडलचा. कौशल्याबाईंनी क्षणभर विचार केला.

"पेडल म्हणजे काही फरशी नव्हे. पण पुसलीत मी ती. पायात पिशव्या घाल."

दुधाच्या, एक लिटरच्या, धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या दोन पिशव्या आल्या. वॉचमन दत्तोबानं खालून रेटा दिला. रेटताना एवढंच विचारलं, "साहेब, गाडी तुमचीच ना?"

कौशल्याबाई मागून रिक्षानं निघाल्या. पुसलेल्या गाडीत बसण्याइतकं त्यांचं मन घट्ट नव्हतं.

वाकड येईस्तोवर रंगनाथरावांनी पेपर मोठ्यानं वाचून संपवला आणि पाणी मागितलं. पाणी बेसिनजवळ होतं. बेसिन फरशीच्या पलीकडे होतं. मग त्यांनी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून घेतला.

सहाला पाच मिनिटं असताना गाडी पोचली. महिपतराव फाटकात खुर्ची टाकून बसले होते. होणारा जावई खिडकीतून, डोकं खाली, पिशव्या वर, असा उतरला.

"दार हाय ना त्याला?"

"आहे."

"मग?"

"पुसलंय."

महिपतरावांनी दार उघडलं. आत सगळं आरशासारखं. पलंगावरून एका गृहस्थानं मांडी न मोडता नमस्कार केला. महिपतरावांनी आत जायला पाय उचलला. त्याला विहिरीवरचा चिखल होता.

अवधूतच्या डोळ्यांसमोरून हळद, मांडव, वैष्णवी, सगळं सरकून गेलं. पण अठ्ठावीस वर्षांचे संस्कार तोंडातून आधी बाहेर पडले.

"पाय!"

पाय हवेत थांबला. गावात त्या पायाला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

"काय म्हनलास?"

"फरशी ओली आहे," अवधूत म्हणाला. लग्न तर गेलं, त्याला वाटलं, निदान फरशी वाचली.

ओसरीवर वैष्णवीची आई, आनंदीबाई, हातात फडकं घेऊन उभी होती. ती सावकाश पायऱ्या उतरून आली.

"बत्तीस वर्सं," ती म्हणाली. "बत्तीस वर्सं या मानसाला मी हेच सांगतीया. पोरगी दिली."

"अगं, मला इचार तरी!"

"तुमी आधी पाय खाली घ्या. तिकडं न्हाई, हिकडं!"

तेवढ्यात रिक्षा थांबली. कौशल्याबाई उतरल्या आणि नमस्कारचमत्कार न करता म्हणाल्या, "वाळली का?"

आनंदीबाईंनी वाकून, बोट न लावता, तिरक्या उजेडात पाहिलं. "कोपऱ्यात जरा ओल हाय अजून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. चाळीस गुण जुळले. छत्तीसच असतात, पण जुळले.

वैष्णवी पेढे घेऊन धावत आली. "अवधूत, त्या पिशव्या काढ ना. फोटो काढायचाय."

"काढून ठेवू कुठे? आईला परत द्यायच्यात."

गाडीतून आवाज आला, "आता मी उतरू का?"

"नाही!" दोन्ही विहिणी एका सुरात म्हणाल्या.

मग व्याह्यांना पेढा खिडकीतून देण्यात आला. सांडू नका, असं बजावून.