दहावी फेरी

“बघा काका, आरसा झालाय की नाही? पहाटे उठून राखेनं घासला. मोठी माणसं येणार, आपली बोट कशी नवरीसारखी दिसायला हवी!”

कप्तान धक्क्यावरून ओरडून सांगत होता. कप्तान हे सगळ्यांनी त्याला दिलेलं नाव. सरकारी कागदावर तो साधा बोटचालक. त्याच्या लाकडी बोटीच्या काठीला, अगदी टोकावर, पत्र्याचे तुकडे एकमेकांत अडकवून केलेला एक कोनाकोनांचा डबा होता. धुक्यात मोठ्या जहाजांच्या रडारवर एवढीशी बोट ठळक दिसावी, कुणी अंगावर येऊ नये, म्हणून खात्याच्या प्रत्येक बोटीला तो सक्तीचा. डबा नसेल तर बोट धक्का सोडू शकत नाही.

बाबांनी मान वर करून डबा पाहिला. उन्हात तो असा लखलखत होता की डोळे बारीक करावे लागले. हसून त्यांनी हातातल्या फॉर्मवर रोजची ओळ भरायला घेतली. ‘डबा आहे का?’ समोर ‘होय’ लिहिलं, आणि पेन तिथंच थांबलं.

“काय झालं काका? शाई संपली?”

“नाही रे,” बाबा म्हणाले. “शाई आहे.”

हे सगळं बाबांनी मला एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. फोनवर, तुकड्यातुकड्यांनी, मध्येच “तू जेवलीस का?” विचारत सांगितलं. मी तेव्हा नववा महिना ओढत होते, आणि आमच्या घरात एकच तारीख चर्चेत होती: शनिवार. शनिवारी बाबा बदली होऊन कायमचे घरी येणार होते.

बाबा किनाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या खात्यात नोंदणी कारकून होते. समुद्रातून छोट्या बोटींनी नशेचा माल येतो, तो किनाऱ्याला लागण्याआधी पकडायचा, हे त्या खात्याचं काम. बाबांचं काम त्याहून साधं. किती वाजता काय दिसलं ते वहीत लिहायचं, आणि काही दिसलं नाही तर शेवटच्या रकान्यात, ‘शेरा’ म्हणतात त्यात, ‘निरंक’ लिहायचं. एकतीस वर्षांत त्यांनी तो शब्द इतक्या वेळा लिहिला की खात्यात त्यांचं नावच निरंककाका पडलं. आई तर म्हणायची, “मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात आले, पाळण्यात बघितलं, आणि मला वाटलं आता हे निरंक लिहून परत जातात.”

या नावाला बाबा हसायचे. पण पूर्ण नाही. आधीच्या ठाण्यावर असताना त्यांनी एका सकाळी असंच निरंक लिहिलं होतं. रडारचा पडदा कोराच होता, त्यांनी पाहिलं तेच लिहिलं. त्याच आठवड्यात शहरात माल पोचला, आणि सरकारी दवाखान्यात कॉलेजच्या तीन मुली आणल्या गेल्या. दोघी घरी गेल्या. चौकशीत बाबांची वही निर्दोष ठरली. “लिहिलं ते खोटं नव्हतं,” बाबा एकदाच म्हणाले होते, “पण खरंही नव्हतं.”

आता सरकारनं एका कंपनीला नव्या यंत्रणेचं कंत्राट दिलं होतं. तीन टेकड्यांवर रडार, कॅमेरे, आणि त्या सगळ्यांनी पाहिलेलं एका भिंतीएवढ्या पडद्यावर आणणारा नियंत्रण कक्ष. करारातली मुख्य अट अशी की छोटी लाकडी बोट आठ मैलांवर दिसली पाहिजे. त्यासाठी नऊ फेऱ्या ठरल्या होत्या. कप्ताननं बोट लांब न्यायची आणि हळूहळू किनाऱ्याकडे आणायची. पडद्यावर कुठे दिसली ते बाबांनी लिहायचं. नऊच्या नऊ वेळा बोट आठ मैलांच्या आधीच दिसली. टाळ्या झाल्या. आता दुपारी बारा वाजता पाहुण्यांसमोर एक दिखाऊ फेरी, मग बाबांची सही, मग यंत्रणा सरकारच्या ताब्यात आणि बाबा आमच्या ताब्यात.

बाबांनी कपाटातून चाचणीचे नऊ फॉर्म काढले. नऊही फॉर्मवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: डबा आहे का? — होय.

ते साहेबांकडे गेले.

“साहेब, डबा राहिला.”

“अहो, मग शिपायाला पाठवा ना घरी आणायला. आज तर बाहेरून जेवण आहे सगळ्यांना.”

“जेवणाचा नाही. बोटीवरचा. नऊही फेऱ्या आपण डबा लावून घेतल्या.”

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. बाबांच्या बदलीसाठी त्यांनीच तीनदा पत्रं लिहिली होती.

“निरंककाका, बसा. कुणी केली ही चूक?”

“मीच. फॉर्म मी भरतो. इतकी वर्षं ‘होय’ लिहितोय, हाताला सवय झालीय. डबा नसलेली बोट माझ्या डोक्यातच आली नाही.”

“माझ्याही नाही आली.” साहेबांनी दाराकडे पाहिलं. “हे बघा, यंत्रणा चांगली आहे. दिसेलही डब्याशिवाय. आज सही करा, शनिवारी घरी जा. लेक बाळंत व्हायची आहे ना? फेऱ्या पुन्हा घ्यायच्या ठरल्या, तर करारात नोंदणी कारकून म्हणून तुमचं नाव आहे. शेवटची फेरी होईपर्यंत मला तुम्हाला हलवता येणार नाही. आणि पंधरा दिवसांत समुद्र खवळतो. म्हणजे गेले पाच महिने.”

“दिसेल म्हणता ना? मग आजची फेरी डब्याशिवाय घेऊ. दिसली तर बारा वाजून पाच मिनिटांनी सही करतो.”

दारात कंपनीची इंजिनीअर येऊन उभी राहिली होती. दोन दिवस झोप न मिळालेली, केसांत पेन्सिल खोचलेली तरुण मुलगी. ती म्हणाली, “काका, बोट तुमच्या खात्यानं द्यायची असं करारात आहे. तुम्ही दिली तशी आम्ही पाहिली. आमचं कुठं चुकलं?”

“तुझं काही चुकलं नाही, मुली. पण माल आणणारा काही फॉर्म भरून, डबा लावून निघत नाही.”

तिनं केसांतली पेन्सिल काढली. मग हळूच म्हणाली, “घ्या फेरी. मलाही बघायचंय.”

धक्क्यावर कप्ताननं कपाळावर हात मारला. “एवढा घासला आणि आता उतरवू? काका, तुम्ही वैरी आहात माझे.” पण चढला, डबा सोडवला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी फॉर्म काढला आणि ‘डबा आहे का?’ समोर आयुष्यात पहिल्यांदा ‘नाही’ लिहिलं. खाली सही केली. लख्ख ऊन होतं, धुक्याचा मागमूस नव्हता, तरी बोट दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच उभे होते.

बारा वाजता नियंत्रण कक्षात पाहुणे मऊ खुर्च्यांवर बसले. बाबा कोपऱ्यात, त्यांच्या मांडीवर डबा. भिंतभर निळा समुद्र पसरला होता, मोठी जहाजं हिरव्या ठिपक्यांसारखी सरकत होती. वायरलेसवर कप्तानचा आवाज आला.

“आठ मैलांवर आलोय. दिसतोय का?”

पडद्यावर तिथं काही नव्हतं.

“नाही,” बाबा म्हणाले, आणि लिहिलं.

“सात. आता दिसतोय का?”

“नाही.”

एका पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. साहेब घाम पुसत होते. इंजिनीअर बोटं तोंडावर धरून पडद्याकडे बघत राहिली.

“सहा. अहो, मी इथं हात हलवतोय! दिसतोय का?”

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. पाच मैल. चार. प्रत्येक वेळी कप्तान विचारायचा, प्रत्येक वेळी बाबा तेच उत्तर द्यायचे, आणि त्यांना कळत होतं की एकेका ‘नाही’बरोबर आपला शनिवार लांब चाललाय. मनात देवाला म्हणाले, आता तरी दिसू दे रे. बोट दिसली ती तीन मैलांवर. तिथून किनाऱ्याला लागायला वीस मिनिटंही लागत नाहीत.

इंजिनीअर सगळ्यांसमोर म्हणाली, “पडद्यावरून लाटा गाळायची चाळणी आम्ही जास्तच कडक लावलीय. त्यात लहान बोट पण गळतेय. दुरुस्त होईल. पण वेळ लागेल.”

बाबांनी शेऱ्याचा रकाना भरला. तो लहान होता, म्हणून अक्षर बारीक काढलं: ‘नऊ फेऱ्या डब्यासह झाल्या, त्या ग्राह्य धरू नयेत. डब्याविना बोट तीन मैलांवर दिसली. फेऱ्या पुन्हा घ्याव्यात. चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.’

संध्याकाळी फोन आला तेव्हा आईनं स्पीकर लावला होता. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “जन्मभर निरंक लिहिलंत. आजच बरा शेरा सुचला तुम्हाला!” आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

“रागावली?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“आणि तू?”

पोटात बाळानं लाथ मारली, ते सांगितलं. बाबा म्हणाले, “किती वाजता मारली?” मी वेळ सांगितली. पलीकडे कागदाचा आवाज आला. लिहून घेत होते.

त्यांना लेखी ताकीद मिळाली. रजा मिळाली नाही. खवळलेल्या समुद्राच्या दिवसांत ठाण्यावर आधीच माणसं कमी. बाळाचं पहिलं रडणं, पहिलं हसणं, पालथं पडणं, सगळं त्यांनी फोनवर ऐकलं. पाच महिन्यांनी नव्यानं नऊ फेऱ्या झाल्या, डब्याविना. बोट आठ मैलांवर दिसली. “नऊच्या नऊ!” बाबा फोनवर ओरडले. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ते आले त्या दिवशी मी बाळाला सतरंजीवर बसवलं होतं, मागे उशांची भिंत लावून. बाबांनी बॅग दारातच टाकली, हातपाय धुतले आणि थेट येऊन बाळाला उचललं. बाळानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारीण डोकावून गेली.

“नवा माणूस आहे ना, बाबा,” मी म्हटलं. “ओळख होईल.”

“हो हो. होईल ना.” त्यांनी बाळाला परत माझ्याकडे दिलं. हात मात्र काही वेळ तसेच राहिले, धरलेल्या आकाराचे.

आईला कसंसं झालं असावं. तिनं खुळखुळा आणून बाबांच्या हातात कोंबला. “हा वाजवा. वाजवला की लगेच येतो कुणाकडेही.”

बाबांनी खुळखुळ्याकडे पाहिलं, आणि तो कपाटावर ठेवून दिला.

“हा नको. याच्याशिवाय दिसलो पाहिजे.”

ते खोलीच्या पार त्या टोकाला, दाराशी जाऊन उभे राहिले. बाळ माझ्या पदरात तोंड खुपसून मुसमुसत होतं. बाबांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले.

“आता दिसतोय का?”

बाळानं वळूनही पाहिलं नाही.

“नाही,” आई म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती.

आणखी एक पाऊल. “आता?”

“नाही.”

बाबा घाई करत नव्हते. दिवेलागण व्हायला अजून वेळ होता, आणि खोली काही फार मोठी नव्हती.