लाल माशाचे शीड

मित्रांनो, माझे सगळे अंग लाकडाचे आहे, माथ्यावर दोन शिडे आहेत, आणि वय विचाराल तर तुमचे आजोबा रांगत होते तेव्हा मी मासळी वाहत होते. आता माझ्यात मासळी नसते, फोटो काढायला शिकणारी माणसे असतात. हे कसे घडले आणि एके दिवशी मी काय पाहिले, ते तुम्हाला सांगते.

मला एका सुताराने आणि त्याच्या दोन मेव्हण्यांनी नदीच्या तोंडाशी एका उघड्या छपराखाली घडवले. तिघांचे आपसात दिवसभर वाजायचे. पण फळीला फळी अशी बसवली की मधून नखही जाऊ नये. पहिल्यांदा पाण्यात ढकलले तेव्हा मला वाटले, आपण आता बुडणार. पण पाण्याने मला अलगद उचलून धरले. त्या क्षणाचे नवल मला अजून वाटते.

पुढे कित्येक वर्षे मी खोल समुद्रातल्या होड्यांकडून मासळी घेऊन बाजाराच्या धक्क्यावर पोहोचवत असे. माझ्याइतकी चपळ नाव बंदरात नाही असे लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग इंजिनाच्या बोटी आल्या, त्यांच्या पोटात बर्फाच्या पेट्या आल्या. मला खाडीच्या चिखलात बांधून ठेवले आणि सगळे विसरून गेले. माझ्यात पावसाचे पाणी साचले. रंगाचे पोपडे उडाले. कोणी तरी म्हणाले, हिचे सरपण तरी करू या. ते ऐकून मला रडताही येईना, कारण अंगात आधीच पाणी भरलेले.

त्या पोपड्यांनीच मला वाचवले. फोटो काढायला शिकवणाऱ्या एक बाई त्या पोपड्यांचे फोटो काढायला खाडीवर आल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तेव्हा सोबत त्यांचा भाऊ होता. त्याने आयुष्यभर जहाजे चालवली होती. त्याने बोटाच्या पेराने माझी फळी न् फळी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "आतून खणखणीत आहे गं ही." दोघांनी मिळून मला पुन्हा उभे केले.

तेव्हापासून दर वर्षी बाई आठवडाभराची सहल काढतात. जुन्या लाकडी नौकांच्या शर्यती असतात तो आठवडा. पाहुणे माझ्यातच राहतात, जेवतात, झोपतात. सकाळी बाई धक्क्यावर धडे देतात, दुपारी त्यांचा भाऊ, म्हणजे आता माझा कप्तान, सगळ्यांना शर्यत पाहायला नेतो. मी खूप पाहुणे पाहिले, पण त्या वर्षीच्या दोघींना विसरणार नाही.

त्या नणंद-भावजय होत्या. फोटोची हौस नणंदेला. गळ्यात नवा कॅमेरा, खिशात पुसायचे फडके, तोंडात सतत प्रश्न. वहिनी आपल्या सोबतीला म्हणून आलेल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आणि हात मात्र एखाद्या पैलवानासारखे. तिसरे पाहुणे दातांचे डॉक्टर होते. त्यांची लेन्स इतकी लांब होती की ते वळले की बाकीच्यांना वाकावे लागे.

पहिले दोन दिवस आम्ही बंदरातच होतो. शेजारी जुन्या नौका ओळीने उभ्या होत्या. खलाशी पितळ घासत होते, दोर गुंडाळत होते, आणि डोलकाठ्या एवढ्या उंच की पाहणाऱ्याची मान दुखावी. बाई सांगत, "घाई नको. आधी डोळे भरून बघा, मग बटण दाबा." नणंदेने दोराच्या एका वेटोळ्यावर सकाळ घालवली. वहिनी डेकवर बसून वाटाणे सोलत होत्या.

"वहिनी, तू पण काढ की एखादा," नणंद म्हणाली.

"माझं काय, मी बघते आहे ना. दोघींनी तेच कशाला काढायचं?"

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना कप्तान एकेका नौकेची ओळख करून देत होता. बोलता बोलता म्हणाला, "आणि उद्या नशीब असलं तर सगळ्यात मोठी नौका तिचं मूळ सुती शीड चढवेल. वर्षातून एकदाच चढवतात. वर लाल मासा आहे त्याच्या."

वहिनींचा घास हातातच राहिला. "मासा कापडाचा? पांढऱ्या डोळ्याचा?"

"हो. तुम्ही पाहिलाय?"

"तो डोळा मी कापलाय," वहिनी म्हणाल्या.

नणंद त्यांच्याकडे पाहतच राहिली. वहिनी शिडांच्या कारखान्यात शिवायला जात, हे तिला ठाऊक होते. पण हे शीड अजून असेल असे वहिनींनाही वाटले नव्हते, मग त्या सांगणार काय?

मग त्यांनी सांगितले. लांबच लांब दालन, गुळगुळीत लाकडी जमीन. आत बूट चालत नसत, मोज्यांवर वावरायचे. शिवणयंत्रे जमिनीत खड्डे करून बसवलेली, म्हणजे कापड जमिनीच्या पातळीवर सरकावे. शिवणाऱ्या बायका कमरेपर्यंत खड्ड्यात. हे शीड इतके मोठे होते की त्या दालनात मावेना. एक बाजू गुंडाळून ठेवून दुसरी शिवावी लागली. खिडक्या उंच होत्या, त्यांतून फक्त आभाळ दिसे.

"मग पाण्यावर कधी बघितलं ते?" बाईंनी विचारले.

"कधीच नाही. शीड झालं की घडी घालून दारातून बाहेर. शर्यतीच्या आठवड्यात तर फाटलेली शिडं यायची, आम्हाला जेवायला फुरसत नसायची. नंतर घर, मुलं. राहिलंच." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी आजवर एकही शीड उभं बघितलेलं नाही. माझी सगळी आडवीच."

 कप्तान उठून बाहेर गेला आणि आभाळ पाहून आला. "वारा वाढला तर ते शीड चढवणार नाहीत," तो म्हणाला. "जुनं कापड आहे. फाटायची भीती."

सकाळी वारा होताच, पण जुने शीड चढवताच येणार नाही इतका नव्हता. बंदराबाहेर पडलो तशी मी उसळू लागले. माझा इलाज नव्हता. पहिल्या काही लाटांतच वहिनींचा चेहरा पांढरा पडला आणि त्यांना माझ्या पोटातल्या खोलीत नेऊन निजवावे लागले. बादली जवळ ठेवली. वर कप्तानाने बहिणीला विचारले, "मागं फिरायचं का?"

खालून बारीक पण ठाम आवाज आला. "फिरायचं नाही. मी काही मरत नाही."

शर्यतीत नौका एका तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत फिरतात. प्रेक्षकांच्या होड्यांना त्याच्या बाहेर थांबावे लागते. कप्तानाने मला तिथे नेऊन थोपवले. लांब क्षितिजावर पांढरे ठिपके होते. डॉक्टरांनी लांब लेन्स डोळ्याला लावली आणि ती एकेका ठिपक्यावरून फिरवली.

"डॉक्टर, काय दिसतंय?" नणंदेने विचारले.

"सगळ्यांत पुढे आहे ती. शीड पिवळसर आहे. नव्या कापडाचं नाही वाटत." मग हळूच म्हणाले, "मासा आहे."

नणंदेने कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला होता. या एका फोटोसाठी ती वर्षभर बोलत होती. तिने तो खाली घेतला, गळ्यातून काढून बाईंच्या हातात दिला आणि शिडी उतरून खाली आली.

"वहिनी, ऊठ. येतंय ते."

"मला नाही उठवत गं. मेलेय मी."

"मघाशी तर म्हणत होतीस मरत नाही म्हणून. माझ्या गळ्यात हात घाल."

शिडीच्या पायऱ्या पाचच, पण त्या दोघींना त्या डोंगरासारख्या झाल्या. मी जमेल तेवढी स्थिर राहत होते. मित्रांनो, लाकडालाही श्वास रोखता येतो, हे मला त्या दिवशी कळले. वर आल्यावर नणंदेने वहिनींना डोलकाठीशी उभे केले आणि मागून दोन्ही हातांनी घट्ट धरले.

आणि ती नौका आली.

मी आयुष्यभर समुद्रावर आहे. वादळे पाहिली, देवमाशाची पाठ पाहिली. पण असे काही पाहिले नव्हते. आधी आवाज आला, पाणी चिरत जाण्याचा, जणू कोणी लांबच लांब रेशीम फाडत आहे. मग काळे चकचकीत अंग. तोल राखायला काठावर ओळीने पडून राहिलेले खलाशी, एकही बोलत नव्हता. आणि त्या सगळ्यावर ते शीड. ते कापड आहे असे वाटतच नव्हते. उन्हाने भरलेली, वाकलेली, जिवंत भिंत होती ती. तिची सावली माझ्या टोकापासून शेपटापर्यंत सरकत गेली आणि तिने माझा वारा घेतला. माझी दोन्ही शिडे लुळी पडली. एरवी मला अपमान वाटला असता. तेव्हा वाटले, घे बाई, सगळा घे.

वर, अगदी टोकाला, तळहाताएवढा लाल मासा पोहत होता.

"एवढासा?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे पलंगाएवढा होता."

मग त्यांची नजर खाली उतरली, एकेका पट्टीवरून, एकेका शिवणीवरून. त्यांचे ओठ हलत होते. त्या म्हणाल्या, "कापड बेतणारे मास्तर पट्टीची कड कधी सरळ आखायचे नाहीत. मध्ये जरा फुगीर असायची. आम्ही हसायचो, म्हातारपणी हात हलतो म्हणायचो. मास्तर म्हणायचे, खडूवरून शिवा, विचारू नका." त्यांनी हाताने हवेत तो बाक काढला. "वारा भरायला जागा ठेवत होते ते. मी इतकी वर्षं वाऱ्याची जागा शिवत होते, आणि मला ठाऊकच नाही."

 नणंदेने हनुवटी वहिनींच्या खांद्यावर टेकवली. नौका पिंपाला वळसा घालून दूर गेली, माझा वारा मला परत मिळाला, आणि वहिनींना पुन्हा बादली लागली.

संध्याकाळी बंदरात सगळे फोटो पाहायला बसले. नणंदेकडे त्या क्षणाचा एकही फोटो नव्हता. बाईंनीही काढला नव्हता, त्या कॅमेरा हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी पुष्कळ काढले होते, पण ते खजील झाले होते. नौका इतकी जवळ आली की त्यांच्या लांब लेन्समध्ये ती मावलीच नाही.

"यात ना डोलकाठी, ना मासा," ते म्हणाले. "नुसतं कापड आलंय. आणि शिवणी."

वहिनींनी चष्मा लावला. त्या फोटोत पिवळसर कापड काठोकाठ भरले होते. शिवणींच्या जोडरेघा बाक घेऊन वर गेल्या होत्या आणि एकेक टाका उन्हात मोजता येत होता. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"हाच द्या मला," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी वहिनी पुन्हा आल्या, पण एकट्या नणंदेबरोबर नाही. कारखान्यात त्यांच्यासोबत शिवणाऱ्यांपैकी ज्या तिघी अजून होत्या, त्यांना शोधून घेऊन आल्या. एकीच्या हातात काठी, एकीला ऐकू कमी, एक मुळातच अबोल. प्रत्येकीने उलटीवर उपाय म्हणून मुठीत लिंबू धरले होते. मी त्यांना फुलासारखे नेले. त्या वर्षी वारा मऊ होता. नौका पिंपाशी वळली, ते भले मोठे शीड आमच्यावर झुकले, आणि चौघी ओळीने माना वर करून उभ्या राहिल्या. अबोल बाई रडत होत्या. कमी ऐकू येणाऱ्या बाईंनी मोठ्याने विचारले, "अगं, यातल्या आपल्या पट्ट्या कुठल्या?"

वहिनी त्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "सगळ्याच."

मित्रांनो, मी जुनी आहे, तरी अजून तरंगते, कारण कोणी तरी दर वर्षी माझ्या फटी भरते, माझ्या अंगाला रंग लावते. तुमच्या घरातल्या वस्तूही अशाच कोणाच्या तरी हाताखालून आल्या आहेत. त्यांना जपा. आणि वस्तू करणारे माणूस अजून असेल, तर हाताला धरून त्याला घेऊन या, त्याने केलेले काम एकदा त्याला चालताना दाखवा. जागेची काळजी करू नका. माझ्या डेकवर अजून पुष्कळ माणसे मावतील.