पाठीमागची पावलं

फळीवरचं पितळी झाकण पाट्यावर पडलं आणि कितीतरी वेळ गरगरत वाजत राहिलं. ओसरीत निजलेल्या सासूबाई दचकून उठल्या. माझी सत्यशीला तिथेच पाठमोरी बसून चिंध्यांच्या बाहुलीला लुगडं नेसवत होती. तिची मानही हलली नाही.

नुकतीच तापातून उठली होती पोर. असा ताप कधी कधी कान घेऊन जातो, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"सत्ते!" मी हाक मारली. पुन्हा मारली. "हिला ऐकू येत नाही की काय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सासूबाई तिच्या पुढ्यात गेल्या, ओंजळ तोंडाला लावून म्हणाल्या, "पानी आन वं माय." सत्ती हसत उठली.

"पाह्य, आयकते नं! चालली लेकराले बहिरं कराले. लगन झाल्यापासून माहं तं तूच आयकत नाही."

पण ती ओंजळ मी पाहिली होती.

दिवस मावळताना तिचे बाबा, देवराव, कापसाच्या जिनातून कामावरून यायचे. गल्लीच्या वळणावर त्यांची पायतनं करकरली, की माणूस दिसायच्या आधीच ही "बाबा!" म्हणून उठायची. आधी कान सांगायचे, मग डोळे खूण पटवायचे. आज ती अंगणात गल्लीकडे पाठ करून बसली होती. देवराव अगदी जवळ आले, तरी वळली नाही.

मी धावत गेले. "परत जा. वळणापासून या, पाय आपटत."

"येडी झाली का? लोक हासतीन."

"हासू द्या. पाया पडते तुमच्या."

ते गेले आणि आपटत आले. कोंबड्या फडफडत पळाल्या. शेजारची इंदूबाई ओरडली, "काहो भाऊजी, पलटनीत भरती झाले का?" एकेक पाऊल माझ्या छातीवर पडत होतं. वळ गं, एकदा वळ. सत्तीनं दातानं दोरा तोडला आणि बाहुलीच्या कमरेला गाठ मारली.

देवराव वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभे राहिले. पाय दिसले तशी ती झेपावली, "बाबा!" त्यांनी तिला उचलून घेतलं.

त्यांच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं, फारच मोठ्यानं विचारलं,

"माय, मी बिमार होती तवा तुमी सारे हळू चालत होते, हळू बोलत होते. आता तं मी बरी झाली नं? मंग अजून हळू काहून?"