ताकातले थेंब

"गुरूकाका, तुला वेड लागलं होतं म्हणजे नेमकं काय झालं होतं रे?"

हा प्रश्न विचारायची पैज शलाकानं निधी आणि आर्याशी मारली होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आपण कुणालाही काहीही विचारू शकतो असं तिचं ठाम मत झालं होतं, आणि मैत्रिणींनी तिला नेमकं त्यावरच पकडलं. एवढी धीट झालीस ना, मग काकाला विचारून दाखव, असं निधी म्हणाली होती. दोघी आत्ता गच्चीच्या जिन्यात दडून खिदळत होत्या.

गुरूकाका कुंड्यांना पाणी घालत होता. तो बाबांचा धाकटा भाऊ, नुकती तिशी गाठलेला. दोन वर्षांपूर्वी त्याला पुण्याहून बनशंकरीतल्या या घरी आणलं, तेव्हा तो झोपायचा नाही, दाराला कान लावून बसायचा. आता मात्र तो हसायचा, शेजारच्या चंपाअक्कांशी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये भाजीच्या भावावरून हुज्जत घालायचा आणि दर मंगळवारी राहुकाळात देवळात जाऊन लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावायचा. मला देवीनं बरं केलं, असं तो येईल त्याला सांगे. घरात कुणी ते खोडून काढत नसे. नाहीतरी ते गणपती दूध प्यायल्याचं वर्ष होतं, लोक काहीही मानायला तयार होते.

प्रश्न ऐकून तो चिडला नाही. त्यानं झारी खाली ठेवली आणि ओले हात शर्टाला पुसले.

"मला वाटायचं, वहिनी माझ्या खाण्यात काहीतरी घालते," तो म्हणाला. "हसू नकोस हं. तेव्हा अगदी खरं वाटायचं गं. मग कधीतरी कळलं की ते सगळं माझ्या डोक्यातलंच होतं. ते कळलं आणि मी बरा झालो. वहिनीची तर मी मनातल्या मनात अजून माफी मागतो."

जिन्यातलं खिदळणं थांबलं. शलाकाचं हसू ओठांवरच वाळून गेलं, कारण त्याच सकाळी काकाच्या ताकात थेंब तिनं स्वतःच्या हातानं घातले होते.

तपकिरी रंगाची ती छोटी बाटली फडताळात साबुदाण्याच्या डब्यामागे असायची. औषध पाण्यासारखं होतं, त्याला ना रंग ना चव. काका आजारी असताना गोळ्या थुंकून टाकायचा. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पंधरवडाभर हे असं भागवा, जरा झोप लागायला लागली की त्याला विश्वासात घेऊन सगळं सांगा. पंधरवडा गेला, काका झोपायला लागला, हसायलाही लागला, आणि सांगायचं राहून गेलं. सगळं नीट चाललंय ना, मग उगाच मधाच्या पोळ्याला हात कशाला लावायचा, असं आई म्हणायची. नवी बाटली आणायला बाबा एकटेच जायचे. सांगितलंत का, असं डॉक्टरांनी विचारलं की बाबा 'सांगतो, सांगतो' म्हणून उठायचे. मध्यंतरी आईला माहेरी नागपूरला जावं लागलं आणि जाताना तिनं बाटली शलाकाच्या हाती दिली. आता तू मोठी झालीस, म्हणाली. शलाकाची छाती केवढी फुगली होती तेव्हा. आई परत आली तरी ते काम तिनं सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताक नेहमीपेक्षा जास्त वेळ ढवळलं. मान वर करायचं धाडस होईना. काका टेबलापाशी बसून तिच्याकडे बघत होता.

"तुला एक गंमत सांगू का?" पेला हातात घेत तो म्हणाला. "त्या दिवसांत मी वहिनीला आधी एक घोट घ्यायला लावायचो. तिनं घेतला की मगच मी प्यायचो. ती बिचारी घ्यायचीसुद्धा." आणि हसत हसत त्यानं पेला शलाकापुढे धरला. "घे, काल एवढं विचारत होतीस ना? नाटक करून बघू."

चारशे मुलींसमोर न अडखळता बोललेली शलाका. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "नको. मला खोकला झालाय."

पेला तसाच पुढे राहिला. काकाचं हसू ओठांवर होतं, पण डोळ्यांतून ते निघून गेलं होतं.

"आत्ता तर नव्हता," तो म्हणाला. मग कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाला, उठला आणि ताक मोरीत ओतलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत बघत. पेला त्यानं स्वतः विसळला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा विसळला.

त्या दिवसापासून ज्याला साल असेल तेवढंच तो खाऊ लागला. केळी, मोसंबी, भुईमुगाच्या शेंगा. कोपऱ्यावर आपल्या डोळ्यांसमोर फोडून घेतलेलं शहाळं. आईनं आमटी वाढली की तो गोड बोलून ताट सरकवायचा, आज पोट बरं नाही वहिनी, म्हणायचा. त्याच्या दाराला आतून खुर्ची लागू लागली. चंपाअक्कांनी हाक मारली तरी तो खिडकीत येईना. त्याचा आजार परत आला होता की त्याला शहाणपण आलं होतं, हे शलाकाला ठरवता येईना.

वर येत्या बुधवारी त्याला बोम्मसंद्र्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. बाबांनीच ओळखीनं लावून दिलेली नोकरी, एका छोट्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर. निम्मा आठवडा औषध नाही, पोटात धड अन्न नाही आणि समोर वर-खाली होणारं ते पातं. शलाकानं एकदा बाबांना विचारलं, जाणं पुढे ढकलता येणार नाही का. बाबा म्हणाले, कारण काय सांगायचं? कारखान्यात काय सांगायचं आणि त्याला तरी काय सांगायचं?

सोमवारी संध्याकाळी आई-बाबांनी तिला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. बाबांच्या कपाळावर घाम होता, पण आईचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसत होता. तिला तोड सुचली होती. उद्या मंगळवार, गुरू देवळात जाणार. देवीचं तीर्थ तो कधी नाकारत नाही. त्याच्याआधी जाऊन तांब्याच्या गडूतून तीर्थ आणायचं आणि त्यात थेंब घालायचे.

"तुझ्या हातून घेईल तो," आई म्हणाली. "आमच्यावर नसला तरी देवीवर विश्वास आहे ना अजून त्याचा."

"हेमा, थेंब थोडे जास्तच घाल," बाबा हळूच आईला म्हणाले. "मधले दिवस बुडालेत."

दोघांच्या चेहऱ्यांवर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. वाईट माणसं नव्हती ती. काकासाठी आईनं दोन वर्षांत एक लग्नकार्य धड पाहिलं नव्हतं, बाबांनी बढतीची बदली नाकारली होती. म्हणूनच शलाकाला त्या हसण्याची जास्त भीती वाटली. वरच्या खोलीत खुर्ची फरशीवरून सरकली. मग शांतता. काका दाराला कान लावून बसला असणार, आणि खाली खरोखरच त्याच्याबद्दल कुजबुज चालली होती. आजारानं त्याच्या कानात जे जे खोटं सांगितलं होतं, ते ते या घरानं एकेक करून खरं करून ठेवलं होतं. आता देवीच तेवढी उरली होती.

आई चिंचेनं गडू घासायला लागली. शलाकानं साबुदाण्याचा डबा बाजूला केला, बाटली काढली आणि ओट्यावर न ठेवता मुठीत घट्ट धरली.

"तीर्थात मी काही घालणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत नव्हता, चांगलाच कापत होता. "आणि गडू घेऊन तुम्हीही जाऊ नका. मी ठरवलंय. बाबा, तुम्ही आत्ता डॉक्टरांना फोन लावा आणि खरं काय ते सांगा. ते काय म्हणतात ते ऐकू, आणि मग मी ही बाटली काकाच्या हातात देणार आहे. रोज ताकात मीच घालत होते, असं सांगणार आहे. माझ्या आधीचं तुमचं तुम्ही सांगायचं. तो आरडाओरडा करेल, पुन्हा कधी आपल्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही, चालेल मला. पण हे कळल्याशिवाय मी त्याला त्या मशीनपुढे उभं राहू देणार नाही."