दोनांतलं जड पुस्तक

चांदीचे प्याले दोन, पितळेचे दिवे सात, बायकांचे झगे एकेचाळीस, पुरुषांचे नऊ, बायकांच्या चपलांचे जोड छत्तीस, पुरुषांचे पाच, जेवणघरात तेलाचे रांजण सहा. तिगिब्बा गावच्या ख्रिस्ती मंडळींची ही एवढी मालमत्ता कारभारी सातूरनं एका सकाळीत लिहून घेतली. गरिबांना वाटायच्या झग्यांत एक त्याच्या सासूनं गुपचूप दान केलेला होता. तो त्यानं ओळखला, आणि तरीही मोजला.

"आणि पुस्तकं?" त्यानं विचारलं. रोमच्या सम्राटाचा हुकूम ख्रिस्त्यांची पुस्तकं जाळायचा होता. झगे मोजायची हौस त्याची स्वतःची.

बिशप नाबोर गेले तीन आठवडे प्रवचनात सिंहाच्या तोंडी जायला तयार होते. "पुस्तकं वाचकाकडे असतात," ते चटकन म्हणाले. "मिगिनच्या घरी. डावीकडे तिसरं दार, निळं."

दर रविवारी मंडळीला शुभवर्तमान वाचून दाखवणारा मिगिन त्यांच्या शेजारीच उभा होता.

आदल्याच दिवशी बिशपांनी त्याला एक गाठोडं दिलं होतं. आत दोन पुस्तकं, दोन्हींना एकाच बोकडाच्या कातड्याचं नवंकोरं वेष्टण. एक शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं. दुसरं खेचरांच्या आजारांचं, मंडळीतल्या एका मेलेल्या वैद्याचं.

"शुभवर्तमान लपव, खेचरांचं दे," बिशप म्हणाले होते. "खोटं मात्र बोलायचं नाही हं. तो पुस्तक मागेल, आपण पुस्तक देऊ. पाप कुठं आलं त्यात?"

मिगिननं मान डोलावली. घरी येऊन त्यानं दोन्ही पुस्तकं उघडली, उलटीसुलटी करून पाहिली. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं.

ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. आधीच्या वाचकाच्या पायाशी बसून ऐकता ऐकता त्याला सगळं शुभवर्तमान तोंडपाठ झालं होतं. आवाज खणखणीत. म्हातारा गेल्यावर पुस्तक त्याच्या हातात दिलं गेलं, आणि वाचता येतं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. एकोणीस वर्षं तो अंदाजानं पानं उलटत होता. त्याचं पुस्तक तो तेलाच्या डागावरून ओळखायचा. पण खेचरांच्या वैद्याचाही तेलाशी रोजचाच संबंध. डाग दोन्हींत होते.

बिशपांना विचारावं, तर एकोणीस वर्षांचं बिंग फुटणार. मिगिन ऑलिव्हच्या घाण्यावर तोलारी होता. त्यानं तराजू काढला. एक पुस्तक दुसऱ्यापेक्षा अकरा ऑलिव्हांनी जड भरलं. देवाचा शब्द खेचरांपेक्षा हलका कसा असेल? जड पुस्तक त्यानं जवाच्या रांजणात लपवलं.

हलकं सातूरनं नेलं आणि चौकात जाळलं. बिशपांनी मिगिनकडे बघून डोळे मिचकावले.

रविवारी दार लावून मंडळी जमली. मिगिननं जड पुस्तक उघडलं आणि आंधळ्याला दृष्टी मिळाल्याची गोष्ट एका दमात सांगितली. सगळे आमेन म्हणाले. दिवा धरून शेजारी उभी होती दातिवा, लोकरीचा धंदा करणारी विधवा. हिशेबापुरतं तिला वाचता यायचं. मंडळी पांगल्यावर तिनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"मिगिनदादा, त्या पानावर खुराच्या गळवाला गंधकाचा लेप सांगितलाय. तुम्ही मात्र आंधळा बरा केलात."

मिगिननं पुस्तक मिटून छातीशी धरलं.

"गप्प राहा," ती म्हणाली. "मी सांगत नाही. बाकी कुणाला कळायची भीती नाही."

"बिशपबाबांना?"

"ते एकोणीस वर्षं तुमच्या खांद्यावरून पानात बघतायत. आज काही बोलले?"

मिगिन गप्प राहिलाही असता. पण पुढच्या रविवारी बिशपांनी सभा भरवली. शेजारच्या गावच्या बिशपनं शुभवर्तमान कारभाऱ्याला दिलं, असं कळलं होतं. त्याला गद्दार ठरवायचं होतं. त्याआधी प्रत्येकानं वाचवलेल्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची, की आपले हात स्वच्छ आहेत.

"पहिला मान वाचकाचा," बिशप म्हणाले. "ज्यानं प्रभूचा शब्द वाचवला!"

मिगिननं हात उचलला आणि परत खाली घेतला.

"हे खेचरांचं आहे," तो म्हणाला. "शुभवर्तमान मी जाळायला दिलं. मला वाचता येत नाही."



"गद्दार!" मागून कोणीतरी ओरडलं. गेल्या रविवारी सगळ्यात मोठा आमेन त्याचाच होता.

"अरे, पण विचारायचंस ना मला!" बिशप म्हणाले.

"विचारलं असतं, बाबा. तुम्ही कसं सांगितलं असतंत?"

बिशपांनी पुस्तक उघडलं, दिव्याजवळ नेलं, लांब धरलं आणि मिटलं. "माझे डोळे हल्ली साथ देत नाहीत," ते म्हणाले.

निवाडा चटकन झाला. प्रभूचा शब्द शत्रूच्या हाती देणाऱ्याला शिक्षा ठरलेली होती: तीन वर्षं प्रायश्चित्त. प्रार्थनेच्या वेळी आत यायचं नाही, दाराबाहेर उभं राहायचं.

"मग वाचणार कोण?" दातिवानं विचारलं.

"बायकांनी सभेत बोलू नये."

"बरं, बोलत नाही. पण वाचणार काय? पुस्तक जळलं. आता शुभवर्तमान या गावात एकाच ठिकाणी आहे, आणि ते तुम्ही बाहेर काढताय."

"नियम तो नियम," बिशप म्हणाले.

मिगिननं कुरकुर केली नाही. पुढच्या रविवारी तो पहाटेच येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बाहेर बोलू नये, असा नियम कुणी केला नव्हता. त्यानं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दातिवा मेणाच्या पाट्या आणि टोकदार काडी घेऊन त्याच्या पायाशी बसली. "सावकाश, दादा," ती म्हणाली, "माझं अक्षर लोकरीच्या हिशेबाचं आहे."

एक एक जण येत गेला, दाराशी थबकत गेला.

मंडळीत मिगिन आणि दातिवा धरून त्रेपन्न माणसं होती. त्या रविवारी आत सहा बसली. बाहेर सत्तेचाळीस.